तुझ्या यादीत जी नाही तिच्याविषयी

प्रिय बाळा,

तुझी उद्दिष्टांची यादी मिळाली. 'आई, वाच आणि खरं खरं सांग' असं खाली लिहिलंयस, म्हणून खरंच सांगते. यादी छान आहे, नीटनेटकी आहे. पण ती माझ्या ओळखीच्या अर्ध्याच मुलीने लिहिली आहे.

नियमित व्यायाम, बचत, रोज थोडं वाचन, चिडचिड कमी करणं, मॅरेथॉन. आणि सगळ्यांत खाली, जरा बारीक अक्षरात, 'टीम लीडसाठी अर्ज करणे (जमल्यास)'. हे शेवटचं मी गेल्या यादीतही वाचलं होतं, त्याच्या आधीच्याही. कंसातलं 'जमल्यास' तेवढं या वेळी नवीन आहे.

उद्दिष्टं कशी मांडायची हे तुला मी काय शिकवणार? तुमच्या ऑफिसात त्याच्यावर कार्यशाळाच होतात. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ साली एका शोधनिबंधात ते मांडलं, पुढे गॅरी लेथम यांच्याबरोबर वर्षानुवर्षं तपासून पाहिलं, आणि आता ते सगळ्यांना पाठ झालंय: 'होईल तेवढं कर' म्हणण्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड असं उद्दिष्ट समोर असलं की माणूस जास्त काम करतो. त्यांनी घातलेल्या अटी मात्र लोक सोयीस्करपणे विसरतात. ते उद्दिष्ट माणसाला मनापासून मान्य असायला हवं, आणि आपण कुठवर आलोय हे त्याला कळत राहायला हवं. दुसरी अट तू पाळतेस, तुझ्याकडे त्याची ॲपं आहेत. पहिलीचं काय? एकाच माणसाच्या आत होकार देणारे बरेच जण असतात, आणि तुझ्या यादीवर सही एकीचीच दिसते.

हार्वर्डमधले रॉबर्ट केगन आणि लिसा लेही यांनी नेमका याच गोष्टीचा पाठपुरावा केला. ज्यांना बदल अगदी मनापासून हवा असतो त्यांनाही तो जमत का नाही? आळस, इच्छाशक्ती कमी, ही नेहमीची उत्तरं त्यांना पुरेशी वाटली नाहीत. त्यांचं म्हणणं असं की त्या माणसाने स्वतःला दुसरंही एक वचन देऊन ठेवलेलं असतं आणि ते त्याच्या लक्षातसुद्धा नसतं. 'बैठकीत बोलायचं' असं ठरवणारा आतून 'मूर्ख दिसायचं नाही' या शब्दाला बांधलेला असतो. दोन्ही खरी. आतलं जुनं असतं, मुरलेलं असतं, म्हणून ते जिंकतं. हे दुसरं वचन शोधायची त्यांची रीतही साधी आहे. काय हवंय ते लिहायचं. त्याऐवजी आपण काय काय करत बसतो ते लिहायचं. मग त्याच्या नेमकं उलट वागलो तर कशाची धास्ती वाटते, ते लिहायचं. पहिल्या दोन गोष्टी भराभर लिहून होतात. तिसरीपाशी माणूस उठून पाणी प्यायला जातो.

तुझ्या तिसऱ्या रकान्यात काय असेल याचा मी अंदाज बांधलाय. चुकीचा वाटला तर खुशाल खोड.

तू नऊ-दहा वर्षांची असशील. बुद्धिबळाचा पट मांडलेला, समोर धाकटा, आधीच रडवेला झालेला. तुला एका चालीत मात देता येत होती. तू वजीर उचललास, त्या घरापर्यंत नेलास, वजिराचा तळ पटाला टेकलासुद्धा, पण बोटं अजून त्याच्या डोक्यावर होती. मग तू भावाच्या तोंडाकडे पाहिलंस, वजीर मागे घेतलास आणि कोपऱ्यातलं एक निरुपयोगी प्यादं मारलंस. तो जिंकला आणि नाचत घरभर सांगत सुटला. तू काही न बोलता पट आवरायला घेतलास. हत्ती, घोडे, उंट हळूच डब्यात ठेवलेस. त्याचा राजा तेवढा आपटलास. चांगला आवाज आला.

किती समजूतदार पोर, असं सगळे म्हणाले. होतीसच तू समजूतदार, त्यात खोटं काही नाही. पण राजा आपटणारी जी होती, तिला जिंकायचं होतं, आणि ती त्या दिवशी डब्यात गेली ती आजतागायत बाहेर आलेली मला दिसली नाही. दुसऱ्याचं वाईट वाटेल असं जिंकायचं नाही, हा तू स्वतःला दिलेला शब्द. टीम लीडच्या जागेसाठी तुझ्याबरोबर आणखी कोण कोण अर्ज करणार आहे हे तू मला नावानिशी सांगितलंस, त्यांची कर्जं आणि त्यांच्या अडचणींसकट. स्वतःबद्दल एक वाक्य बोलली नाहीस. म्हणून हा अंदाज.

कार्ल युंग या स्विस मनोवैद्यांनी अशा बाजूला सावली म्हटलं. आपण कोण आहोत याचं एक चित्र आपण लहानपणापासून काढत जातो, आणि त्या चित्रात जे बसत नाही ते नजरेआड करतो. पुष्कळांची समजूत अशी की तिथे फक्त घाण साठते: राग, हाव, मत्सर. युंग यांचं म्हणणं तसं नव्हतं. चांगल्या निरोगी प्रवृत्ती आणि काही नवं घडवायच्या ऊर्मीही तिथेच जाऊन पडतात असं ते सांगत. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. प्रयोग करून ताडून पाहता येईल असं त्यात थोडंच आहे, आणि हल्ली त्यांच्या नावावर जो बाजार चाललाय त्याने तर डोकं दुखतं. पण त्या माणसाने स्वतः काय केलं ते मला फार आवडतं.

१९१३च्या सुमारास मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी त्यांचं कायमचं फाटलं. वय अडतीस, डॉक्टर म्हणून नाव झालेलं, घरात मुलंबाळं, आणि पुढे काय करायचं ते काही केल्या सुचेना. तेव्हा त्यांना आठवलं की लहानपणी आपण दगडांची घरं रचण्यात रंगून जायचो. मग हे गृहस्थ दुपारचं जेवण झालं की सरोवराच्या काठी जायचे, दगड गोळा करायचे आणि एक छोटंसं गाव बांधत बसायचे. घरं, एक चर्च. पेशंट यायची वेळ झाली की उठायचे. याची त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. लाज वाटत असताना केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि दुसरं, पेशंट सोडले नाहीत. आतल्या पोराला रोजचा वेळ नेमून दिला, दवाखाना त्याच्या हाती दिला नाही.

हे मुद्दाम लिहितेय, कारण 'स्वतःला स्वीकारा' म्हटलं की लोकांना वाटतं, जे मनात येईल ते बोलायला आणि करायला परवाना मिळाला. राग आला की ओरडायचं आणि वर 'मी अशीच आहे' म्हणायचं. तो स्वीकार नव्हे, आळस आहे.

उलट टोकही तितकंच निरुपयोगी. तू लिहिलंयस, 'चिडचिड कमी करणं'. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिल्या. गंमत त्याच्या पुढची आहे. त्याच मुलांना नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटलं, तर ज्यांना आधीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. तेव्हा चिडायचं नाही असं ठरवून फारसं काही हाती लागणार नाही. चिडतेस कशावर, ते बघ.

परवा फोनवर तू त्या नव्या सहकारी मुलीबद्दल बोलत होतीस. 'नुसती स्वतःची टिमकी वाजवत असते.' बराच वेळ बोललीस. तिचं काम कसं आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते तू सांगितलंच नाहीस. इतकंच कळलं की ती बैठकीत 'हे मी केलं' असं म्हणते. आता, काही माणसं खरोखरच वैताग असतात, तिथे आपल्या सावलीबिवलीचा काही संबंध नसतो. वैतागायचं आणि विसरून जायचं. पण जी तुझ्याबरोबर घरी येते, जेवताना समोर बसते आणि रात्री दिवा मालवल्यावरही बोलत राहते, तिच्यात तुझं काहीतरी अडकलंय. मला वाटतं तुला तिचा मत्सर वाटतो. फोन ठेवू नकोस, हे पत्र आहे.

मत्सराला षड्रिपूंच्या रांगेत उगाच बसवलेलं नाही, त्याला डोक्यावर घे असं मी म्हणत नाही. त्याला फक्त एक प्रश्न विचार, की बाबा, नेमकं काय हवंय तुला? तिचा पगार? नाही. तिची जागा? तीही नाही. स्वतःच्या कामावर स्वतःचं नाव घालायची तिची ती बेधडक सवय तुला हवी आहे. मग ते उद्दिष्ट झालं की! यादीतल्या निम्म्या गोष्टींपेक्षा जास्त तुझं.

तुला माहीत आहे, मी घरून हिशेबाची कामं घ्यायला लागले तेव्हा पैशाचं बोलणं निघालं की मी 'द्या काय द्यायचे ते' म्हणायची. आपण बाई पैशाच्या मागे नाही, असं माझं माझ्याविषयीचं चित्र. पण महिनाअखेरी आलेली रक्कम मी एकदा मोजून पुन्हा मोजायची, आणि कमी असली की दिवसभर आतल्या आत धुमसायची. म्हणजे पैसे आवडणारी एक बाई आत होतीच. तिला मी एक काम दिलं. दर ठरवायचा तिने. बोलायचं मात्र मी, माझ्या नेहमीच्या आवाजात. पहिल्यांदा आकडा सांगितला तेव्हा कान गरम झाले होते. समोरच्याने 'बरं' म्हटलं, आणि पुढच्या विषयाकडे वळला. गेलेही काहीजण. पण धुमसणं थांबलं, आणि ज्यांची कामं फुकट करावीत असं वाटतं त्यांची मी आता खरंच आनंदाने करते. आधी तीही चडफडत व्हायची.

म्हणून तुला सुचवते ते असं. राजा आपटणारीला एक दिवस यादी करायला बसव. तिला म्हणावं, कोणाला वाईट वाटेल याचा विचार न करता लिही. तो कागद कोणाला दाखवू नकोस, मलाही नको. त्यात भयंकर गोष्टी निघतील, निघू देत. लिहिणं म्हणजे करणं नव्हे. मग दोन्ही याद्या शेजारी ठेव. तुझी समजूतदार बाजू हाकलायची नाहीये. उलट, चांगल्या टीम लीडला तीच लागते. फक्त ती अर्ज भरत नाही. अर्ज दुसरीने भरायचा, भरून झाल्यावर टीम पहिलीने सांभाळायची.

आणि पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांची एक युक्ती इथे उपयोगी पडेल. नुसतं 'मी हे करेन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं, तर मी तमुक करेन' असं आधीच बांधून ठेवलं, की ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही आणि ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. तुझ्यासाठी मी एक करून ठेवलंय: 'हे कोणी केलं?' असं कोणी विचारलं, तर 'आम्ही'च्या आधी 'मी' म्हणायचं. खरोखर तू केलेलं असेल तरच, अर्थात. मग पुढे सगळ्यांची नावं घे, हवी तेवढी.

हे उकरताना कधी असं काही वर आलं की झोप उडाली, काम सुचेना, तर ते एकटीने किंवा माझ्याबरोबर सोडवत बसायचं नाही. सरळ समुपदेशकाकडे जायचं. यावर चर्चा नको.

आता ती मॅरेथॉन. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी लोकांची उद्दिष्टं तपासली तेव्हा आढळलं की जी स्वतःच्या आवडीतून आणि मूल्यांतून आलेली असतात त्यांच्यामागे माणूस टिकून राहतो. जी 'करायलाच हवं' म्हणून किंवा कोणाला वाईट वाटू नये म्हणून घेतलेली असतात त्यांचा जोर लवकर ओसरतो. तुझ्या मैत्रिणींचा पूर्ण गट धावतोय म्हणून तू धावणार आहेस, असा मला दाट संशय आहे. तुला पोहायला आवडतं. धावताना तुझं तोंड कसं होतं ते मी पाहिलंय. खोडून टाक ती. बचतीचं ठेव, त्यावर मला काही म्हणायचं नाही. वाचनाचंही ठेव, पण रोज नको. तू कधीच रोज काही वाचलेलं नाहीस, एकदम दोन दिवस हातातलं पुस्तक खाली न ठेवता वाचतेस आणि मग महिनाभर काही नाही. तसंच चालू दे.

कंसातलं 'जमल्यास' आजच्या आज काढ आणि अर्जाचा मसुदा मला पाठव. दोन पानांपेक्षा मोठा नको. 'मला संधी मिळाली' असं जिथे जिथे लिहिशील तिथे मी लाल खूण करणार आहे.

तुझी,
आई

ता. क. धाकट्याला हा पटाचा किस्सा सांगितला. तो म्हणतो, तू मुद्दाम हरलीस हे त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि त्याला एक खराखुरा डाव हवा आहे.