पैसा सरकारचा, मग प्रवेशही सर्वांना हवा

महोदय,

अमेरिकेतील धार्मिक खासगी शाळांना सरकारी शिष्यवृत्ती योजनांत घ्यावे का, या वादातले मेन राज्याचे उदाहरण आपल्याकडच्या संस्थाचालकांनीही मुद्दाम अभ्यासावे. तिथल्या बऱ्याच गावांत सरकारी हायस्कूलच नाही. अशा गावातले मूल मान्यताप्राप्त खासगी शाळेत गेले, तर फी सरकारी पैशातून भरली जाते. १९८१पासून धार्मिक शाळा यातून वगळल्या होत्या. ‘कार्सन विरुद्ध मेकिन’ खटल्यात जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली.

निकाल मला मान्य आहे. मेन ज्या न्यू इंग्लंड भागात आहे, त्याच भागातून आलेल्या मिशनरी सिंथिया फॅरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली होती. धर्मसंस्थेची शाळा म्हणून तिला दूर ठेवणे महाराष्ट्राला तरी पटू नये.

पण मेनने २०२१ मध्येच कायद्यात बदल करून ठेवला होता : सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला, मग ती धार्मिक का असेना, लैंगिक कल किंवा लिंगओळख पाहून मुलांना प्रवेश नाकारता येणार नाही. त्याविरुद्ध काही शाळा न्यायालयात गेल्या. २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने अट स्थगित करायला नकार दिला. माझ्या मते ही अट रास्तच आहे. ‘पालकांना निवडीचा हक्क’ असे म्हणून पैसा मागायचा आणि प्रत्यक्षात मूल शाळेनेच निवडायचे, हे चालणार नाही. ज्या गावात दुसरे हायस्कूलच नाही, तिथे नाकारलेल्या मुलाने जायचे कुठे?

आपल्या घटनाकारांनी हा विचार आधीच केला होता. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही (अनुच्छेद २९-२) आणि संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही (२८-३). अल्पसंख्याक संस्थांना आपल्या समाजासाठी काही जागा राखता येतात, तरीही मूळ तत्त्व तेच.

अमेरिकेत २०२७पासून शाळकरी मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांना देणगी देणाऱ्यांना १,७०० डॉलरपर्यंत केंद्रीय करसवलत मिळेल. या योजनेत सहभागी व्हायचे की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवणार आहे. तिथल्या मराठी पालकांनी अशी शिष्यवृत्ती घेण्यापूर्वी शाळेचे प्रवेशाचे नियम लेखी मागावेत, आणि कोणत्या मुलांना तिथे प्रवेश नाही हे स्पष्ट विचारावे.

– एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर