कोयत्याला एक न्याय, मोटारीला दुसरा

पुण्यात कल्याणीनगरला मे 2024 मध्ये भरधाव पोर्शे मोटारीने दोघांचा जीव घेतला; त्या अपघातातल्या अल्पवयीन आरोपीला प्रौढ मानून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. 'पैसेवाल्याचा पोरगा, सुटणारच' असे जो तो म्हणाला. जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावर लोकांनी दुसरे काय म्हणावे? पण इथे खरी गोम कायद्यातच आहे.

2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 16 ते 18 वयाच्या मुलाला प्रौढ मानायचे, तर गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असावी लागते; अशा गुन्ह्यांना कायदा 'निर्घृण' म्हणतो. या आरोपीवर सदोष मनुष्यवधाचा आरोप आहे; त्याला तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण किमान शिक्षा नव्हतीच. किमान शिक्षा नसलेले असे गुन्हे 'निर्घृण' वर्गात धरता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आणि 2021 च्या दुरुस्तीत संसदेनेही तेच कायम केले. याउलट, कोयता दाखवून मोबाईल लुटणाऱ्या वस्तीतल्या पोराच्या गुन्ह्याला किमान सात वर्षे आहेत, म्हणजे जीव कोणाचाच गेला नसला तरी त्याची मानसिक तपासणी होऊन तो प्रौढ ठरू शकतो. ही तफावत कोणत्या खासदाराने संसदेत मांडली?

प्रौढ मानण्याचे वय 16 वर आणा, 14 वर आणा, अशा मागण्या करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे 199-अ कलमही वाचावे. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे. क्लासच्या दारात रोज उभ्या असणाऱ्या दुचाक्यांपासून सुरुवात करता येईल.

– एक वाचक, पुणे