एअर रायफलच्या रेंजवर नेमाआधी शिस्त शिकवा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : एअर रायफल व एअर पिस्तूल रेंजवर प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण आणि रेंज ऑफिसरची (सुरक्षेवर देखरेख करणाऱ्याची) उपस्थिती सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. हा खेळाडू शासनाच्याच क्रीडा प्रबोधिनीत घडला, याचा आपल्या खात्याला रास्त अभिमान असेल. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांमुळे महाराष्ट्रात नेमबाजीची ओढ आधीपासून होतीच; त्या पदकानंतर आमच्या भागातल्या 10 मीटर रेंजवर, म्हणजे एअर गनच्या सरावाच्या जागी, शाळकरी मुलांची इतकी गर्दी होऊ लागली की संध्याकाळी लेन (एका नेमबाजाची जागा) मिळवण्यासाठी ताटकळावे लागते. अनेक वर्षे क्लब पातळीवर एअर पिस्तूल चालवलेला आणि आता मुलीला रेंजवर नेणारा पालक म्हणून मला या गर्दीचा आनंदच आहे. मात्र या मुलांना रेंजवर कसे वागावे हे कोणी शिकवावे, याचे उत्तर आज कोणाकडेच नाही, म्हणून हे पत्र.

2016 च्या शस्त्र नियमांत बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेण्याची तरतूद आहे. याउलट 4.5 मिलिमीटर व्यासाच्या नळीची आणि छऱ्याच्या ऊर्जेच्या 20 ज्यूलच्या मर्यादेत बसणारी, हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल परवान्याशिवाय विकत घेता येते. ही सवलत योग्यच आहे. ती नसती तर तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींपर्यंत हा खेळ पोहोचलाच नसता, आणि ती काढून घ्या असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु परवान्याबरोबर येणारे शिक्षणही या सवलतीमुळे आपोआप गळून पडले आहे. स्पर्धेच्या एअर रायफलमधून सुटणारा छर्रा सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने जातो, आणि डोळा कायमचा जायला एवढा वेग पुरेसा आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट परवडत नाही अशा रेंजवर कागदी टार्गेट तारेवरच्या पुलीने मागेपुढे सरकते. पुली अडकली की एखादा मुलगा सरळ चालत पुढे जातो आणि टार्गेट बदलू लागतो. त्याच वेळी शेजारच्या लेनमधली मुलगी रायफल खांद्याला लावून ‘नुसता नेम’ धरत असते. तिला हटकले, तर उत्तर ठरलेले असते : “काका, रिकामीच आहे.” या खेळातला पहिला धडाच असा आहे की बंदूक रिकामी असली तरी ती भरलेली मानायची, आणि माणूस फायरिंग लाइनच्या (नेमबाज उभे राहतात त्या रेषेच्या) पुढे असेल तर तिला हातसुद्धा लावायचा नाही. मुलीचा यात दोष नाही. तिला ‘साइट पिक्चर’ (नेम धरताना डोळ्यांसमोर दिसणारे चित्र) कसे पकडायचे हे पहिल्या दिवशी शिकवले गेले. सुरक्षेचा हा पहिला धडा मात्र कोणी सांगितलाच नाही.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत परवानगी मिळेपर्यंत प्रत्येक रायफल-पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग असावाच लागतो. एअर गनच्या बाबतीत ही एक भडक रंगाची दोरी असते. ती संपूर्ण नळीतून आरपार जाते, त्यामुळे नळीत छर्रा नाही हे लांबूनही कळते. गवत कापण्याच्या यंत्राची नारिंगी नायलॉन दोरी यासाठी उत्तम चालते आणि तिला चहाच्या कपाइतकाही खर्च येत नाही. तरीही सरावाच्या रेंजवर ती क्वचितच दिसते.

आता थोडे आम्हा पालकांविषयी, कारण निम्मी बेशिस्त आमचीच असते. मूल ट्रिगरवर बोट ठेवून श्वास रोखत असताना मागून “कोपर खाली घे” असे ओरडणारे वडील, लेनमध्ये शिरून फ्लॅश मारत व्हिडिओ काढणारी आई, शेजारच्या मुलाचे गुण मोठ्याने मोजणारे आजोबा, हे सगळे रोजचे झाले आहे. रीलसाठी मित्राच्या दिशेने पिस्तूल रोखून उभा राहिलेला मुलगाही मी पाहिला आहे, आणि त्याला बाहेर काढण्याचा अधिकार तिथे नेमका कोणाला आहे हे उपस्थितांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. खाण्यापिण्याबद्दलही तेच. छर्रे शिशाचे असतात. ते ओठांत धरून लोड करणारी आणि हात न धुता त्याच बोटांनी वडापाव खाणारी मुले मी नेहमी पाहतो. रेंज कोरड्या झाडूने झाडली की शिशाची धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावी, हे साफसफाई करणाऱ्या मावशींनाही कोणी सांगितलेले नसते.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. राज्यातील प्रत्येक एअर गन रेंजवर, मग ती सरकारी क्रीडा संकुलातली असो, शाळेतली असो वा खासगी, नव्या नेमबाजाला आणि अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकालाही पहिली लेन मिळण्यापूर्वी दोन तासांचे सुरक्षा प्रशिक्षण द्यावे आणि त्याची नोंद ठेवावी. गोळीबार चालू असेल तोवर एक प्रशिक्षित रेंज ऑफिसर तिथे हजर असावा. तो स्वतः नेम धरणारा किंवा त्याच वेळी शिकवणारा नसावा. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ हे हुकूम सगळ्यांना पाठ असावेत, आणि धोका दिसताच पहिल्या दिवशी आलेल्या मुलानेही ‘स्टॉप’ म्हणून ओरडावे, त्याबद्दल त्याला कोणी हसणार नाही, असे वातावरण असावे. नियमांचा फलक मराठीत, दारातच आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावावा.

याने छोट्या क्लबांवर बोजा पडेल, असे काही संचालक म्हणतील. वेगळा रेंज ऑफिसर नेमणे चार लेनच्या क्लबला जड जाईल, हे मलाही मान्य आहे. अशा ठिकाणी ज्येष्ठ नेमबाजांना राज्य नेमबाजी संघटनेमार्फत प्रशिक्षण देऊन आळीपाळीने ही जबाबदारी सोपवता येईल. अनेकजण ती विनामोबदला घेतील, मीही घेईन. त्यासाठी नवे कार्यालय नको आणि नवा परवानाही नको. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा नोंदवही तपासली तरी पुरे.

उन्हाळी सुट्टीतील शिबिरांच्या जाहिराती परीक्षा संपायच्या आधीच लागतात. त्यात भाग घेणारी बहुतेक मुले आयुष्यात पहिल्यांदाच रायफल हातात घेणार असतात, म्हणून यासंबंधीचे परिपत्रक पुढील शिबिरांची नोंदणी सुरू होण्यापूर्वी निघावे, अशी माझी आपणास विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नेमबाज व पालक, पुणे