पेंढाऱ्यांच्या निमित्ताने

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेजारी देशाच्या हद्दीत आसरा घेऊन आपल्यावर हल्ले करणाऱ्या सशस्त्र टोळीवर सीमा ओलांडून वार करण्याचा अधिकार राष्ट्राला आहे, असे माझे मत आहे; मात्र तो त्या टोळीपुरता आहे, तिला आसरा देणाऱ्या देशाचे भवितव्य ठरवण्याइतका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते आणि हल्लेखोर एखादे सरकारच असले पाहिजे, अशी अट त्यात घातलेली नाही. अर्थात शेजाऱ्याला आधी संधी द्यायला हवी. डिसेंबर २००३ मध्ये भूतानने आसामातील उल्फा व बोडो बंडखोरांचे तळ आपल्याच सैन्याकरवी उठवले, त्यामागे भारताने अनेक वर्षे धरलेला आग्रह होता. पाकिस्तानकडून तशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

तरीही मर्यादेचा आग्रह आम्हा माळव्यातील मराठी माणसांनी तरी सोडू नये. १८१७ साली कंपनी सरकारने पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी म्हणून लाखाहून अधिक फौज मध्य हिंदुस्थानात उतरवली. पेंढाऱ्यांचा जाच खोटा नव्हता, कंपनीच्या मुलखातही त्यांनी लुटालूट केली होती आणि शिंदे-होळकरांच्या राज्यात त्यांना थारा मिळत होता, हेही नाकारता येत नाही. परंतु २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज मोडली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, होळकर कंपनीचे मांडलिक बनले आणि इंदूरच्या उंबरठ्यावर महूची छावणी उभी राहिली. ज्याच्या नावाने एवढा खटाटोप झाला त्या पेंढाऱ्यांचा म्होरक्या चितू, तह झाला तेव्हा मोकळाच फिरत होता!

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या पहिल्या रात्री केवळ दहशतवाद्यांची नऊ ठिकाणे लक्ष्य केली, पाकिस्तानी लष्करी तळांना हात लावला नाही, असे आपल्या सरकारने जगाला आवर्जून सांगितले, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. अशा कारवाईची माहिती सुरक्षा परिषदेला ताबडतोब देणे कलम ५१ प्रमाणे बंधनकारक आहे. त्याबरोबरच कोणत्या टोळीवर, कोणत्या पुराव्याच्या आधारे आणि कुठवर कारवाई केली, याचे निवेदन सरकारने संसदेतही करावे आणि त्यावर विरोधकांना प्रश्न विचारू द्यावेत.

आपला,
एक वाचक, इंदूर