मालाचा ‘फरक’ पगारातून का कापता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या मोठ्या ऑफिसांत कागद, पेनं, टोनर, टिश्यूपासून चहाच्या पुड्यांपर्यंत सगळा माल एकाच पुरवठादार कंपनीकडून घ्यायची पद्धत आता रुळली आहे. बीकेसी, लोअर परळ, अंधेरीच्या इमारतींत हा माल पोहोचतो तो बहुतेक भिवंडी पट्ट्यातल्या गोदामांतून. मानकोली, काल्हेर, पूर्णा इकडून. अशा कंपनीत काम कसं असतं, असं नवी मुलं विचारतात. पगार बँकेत जमा होतो, पीएफ असतो, सुट्टी कागदावर तरी असते. रोजंदारीच्या सुट्या मजुरीपेक्षा हे बरंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुखणं महिनाअखेरी निघणाऱ्या ‘फरका’चं आहे. संगणकातला साठा आणि रॅकवरचा माल जुळला नाही की कमी निघालेल्या मालाची रक्कम पिकर (रॅकवरून माल काढणारा), पॅकर आणि टेम्पोवरचा हेल्पर यांच्या पगारातून वाटून कापतात.

हा फरक चोरीतून येतो असं वरच्यांना वाटतं. आमच्या पाहण्यात तो बहुतेक वेळा एककाच्या गोंधळातून येतो. संगणकात पेनांचा साठा नगात ठेवलेला असतो, बारकोड मात्र दहाच्या पाकिटावर चिकटवलेला. पिकरच्या हातातला स्कॅनर नुसता ‘20’ आकडा दाखवतो. तो 20 पाकिटं उचलतो. संगणकातून 20 नग वजा होतात, रॅकवरून 200 जातात. पुढच्या मोजणीत 180 पेनं कमी. जुना माणूस 180 ऐकल्याबरोबर सांगतो की पाकिटं नगाच्या भावात गेली, कारण नऊच्या पटीतला फरक सहसा दहाच्या पाकिटाचाच असतो. पण मोजणीच्या तक्त्यात कारणाला रकानाच नसतो. ग्राहकाकडे माल कमी गेला तर तक्रार त्याच दुपारी येते. जास्त गेला तर फोन कोण कशाला करील? स्क्रीनवर आकड्याशेजारी ‘नग’ किंवा ‘पाकीट’ एवढं दाखवलं आणि दोघांना वेगळे बारकोड दिले तरी यातलं बरंच मिटेल.

कागदाची गोष्ट वेगळी. 75 जीएसएमच्या ए-फोर कागदाचं 500 पानांचं रीम साधारण 2.34 किलो भरतं. दहा रीमांचा खोका वेष्टनासकट साडेतेवीसच्या आसपास. सुट्या ऑर्डरसाठी खोका फोडून सात रीमं काढली आणि उरलेल्या तिनांसकट तो टेप मारून पुन्हा वरच्या फळीवर गेला, की खालून तो भरलेलाच दिसतो. मोजणारा खोके मोजून दहाने गुणतो. गोदामात वजनकाटा असतोच, तो डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागी, ठेवावा. तीन रीमांचा खोका सात किलोच्या आसपास भरतो, म्हणजे काट्यावर टेकताच उघडा पडतो. फोडलेल्या खोक्यावर मार्करने उरलेला आकडा लिहायला तर काट्याचीही गरज नाही. पावसाळ्यात शटरजवळच्या खालच्या फळीवरचा कागद ओल धरतो, कडा लाटेसारख्या होतात, झेरॉक्स मशीनमध्ये अडकतो आणि माल परत येतो. परत आलेल्या मालाच्या पावतीवर कारण पडतं ‘डिलिव्हरीत खराब’. बिचारा हेल्पर!

तिसरी जागा ग्राहकाचं गेट. एका टेम्पोत दहा-बारा ठिकाणचा माल, प्रत्येक इमारतीत सर्व्हिस लिफ्टची वेळ ठरलेली. ती चुकली की तासभर तळघरात. वर पोहोचल्यावर मोजून घ्यायला कोणी मोकळा नसतो, म्हणून सिक्युरिटी चलानवर ‘सब्जेक्ट टू काउंट’ (मोजल्यावर ठरेल) असा शिक्का मारते. स्टोअरवाला दोन दिवसांनी खोके उघडतो आणि कमी निघालं तर डेबिट नोट, म्हणजे बिलातून तेवढे पैसे वजा केल्याची चिठ्ठी, पाठवतो. मधले दोन दिवस माल ग्राहकाच्या पॅसेजमध्ये पडून असतो, भुर्दंड मात्र ज्याने तो शेवटचा हातात धरला त्याला. मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅडमिन खात्यांना विनंती आहे, निदान खोक्यांची संख्या अक्षरी लिहून सही द्या आणि सीलबंद खोक्यांचा फोटो हेल्परला तिथेच काढू द्या.

आता कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता असो की त्याआधीचा 1936चा वेतन प्रदान कायदा, यात कंपन्या म्हणतात तेवढी कपातीची मुभा नाही. माल खास त्या कामगाराच्या ताब्यात सोपवलेला हवा आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीने झालेलं हवं, तरच कपात. तीही त्याला म्हणणं मांडायची संधी देऊन. रक्कम नुकसानीपेक्षा जास्त नको. एमआरपी धरून कापणं इथेच अडकतं, कारण कंपनीची खरेदी त्याहून स्वस्त असते. पाळीतल्या सहा जणांत समान वाटणी म्हणजे तर कोणाचीच चूक सिद्ध न करता सगळ्यांना दंड.

हे ठाऊक असल्यामुळेच कंपनीला माणसं पुरवणारे ठेकेदार कपात ‘कपात’ म्हणून दाखवत नाहीत. 26 दिवस भरले असले तर पगाराच्या पावतीवर 24 येतात. हा प्रकार जास्त वाईट, कारण दोन दिवसांच्या पगाराबरोबर त्यावरचा मालकाच्या वाट्याचा 12 टक्के पीएफही जातो. ईएसआयचंही, म्हणजे कामगार विम्याचंही, तसंच. आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या कालावधीत 78 दिवसांचं योगदान लागतं. मधे गावी गेलेल्या किंवा उशिरा रुजू झालेल्या माणसाचे महिन्याला दोन-दोन दिवस खाल्ले की तो या आकड्याच्या अलीकडेच अडकू शकतो, आणि ते कळतं दवाखान्यात.

नव्याने लागणाऱ्यांनी हजेरीच्या मस्टरचा किंवा पंच मशीनच्या स्क्रीनचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवावा आणि उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक महिन्याच्या 15 तारखेनंतर बघावं, मालकाला भरणा तोवर करावा लागतो. नोकरी सोडताना ‘फरक निघाला तर बघू’ म्हणून हिशेब अडवून ठेवतात. नव्या संहितेप्रमाणे तो दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ठेकेदाराने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख टाकलीच नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतः ऑनलाइन टाकता येते. त्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

— गोदाम व डिलिव्हरी कामातील काही कर्मचारी, भिवंडी-मुंबई