शेवटचा आकडा पुसला गेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खंडेनवमीला आमच्या नौपाड्यातल्या घरात कोयत्या-विळ्यांसोबत पणजोबांची ठासणीची बंदूक पाटावर मांडतात. मुरबाडकडच्या गावाहून ती आजोबांनी आणली. परवाना वारसाने आता माझ्या नावावर आहे. गेल्या वर्षी पूजेआधी एका कारागिराकडे ती साफसफाईला दिली. त्याने चकचकीत करण्याच्या नादात घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर पॉलिश पेपर मारला. तिथे मुकुट, ‘टॉवर’ ही इंग्रजी अक्षरं आणि साल कोरलेलं होतं. आता ‘१८५’ एवढंच वाचता येतं.

एका आकड्याने काय बिघडतं, असं मला घरातच विचारलं गेलं. टॉवर ही लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची खूण. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलींवर ती आढळते, आणि याच रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली भडका उडाला. त्यानंतर हिंदी शिपायांच्या हाती आटे, म्हणजे आतून पिळदार खाचा, पाडलेली नळी द्यायची नाही, असं इंग्रजांनी ठरवलं. त्यांना गुळगुळीत नळीच्या बंदुका मिळू लागल्या, ज्यांचा नेम लांबवर टिकत नाही. राज्यकर्त्यांची धास्ती अशी लोखंडात उतरली होती. आमची नळीही गुळगुळीत आहे. ती बंडानंतर तशीच घडवली, की आधीच्या नळीतले आटे पुढे कुणी घासून काढले? ते साल शाबूत असतं तर अंदाज बांधता आला असता. त्या पट्टीचा एक फोटोसुद्धा आम्ही कधी काढला नव्हता, याची रुखरुख जात नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांना कळकळीची विनंती, गंज दिसला तरी तेलाचं फडकं पुरे. आणि जुनी म्हणून रिकामीच असेल, असं समजू नका. नळीत कोरडी राहिलेली बंदुकीची काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेट घेते. परवानाधारक जाणकाराकडून नळीत गज घालून खोली तपासून घ्या.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजतात. तिसरी जमा करावी लागते. जमा करण्याआधी निदान खुणांचे फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिची हकीकत विचारून लिहून ठेवा. आमच्या बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकून टेकून झिजलेली जागा आहे. ती कुणाच्या गालाची, हे सांगणारी आजी आता नाही.

ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला. आज तिथे कारागृह आहे, सहज आत जाऊन पाहता येत नाही. जिल्ह्यातला असा इतिहास आता घराघरांतच उरला आहे. येत्या दसऱ्याला आपल्या दैनिकाने वाचकांकडून, नाव-पत्ता न छापता, अशा जुन्या शस्त्रांचे फोटो आणि हकीकती मागवाव्यात. पहिली हकीकत मी पाठवीन.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे