बुडून गेला म्हणजे अपघात नव्हे

मा. संपादक, स. न. वि. वि.

२२ मे २०२५ रोजी सिक्कीममध्ये लेफ्टनंट शशांक तिवारी गेले. मूळचे अयोध्येचे, वय २३, सैन्याच्या सिक्कीम स्काउट्स या पलटणीत नेमणूक. अधिकारी होऊन सहा महिनेही झाले नव्हते. गस्तीतला एक अग्निवीर ओंडक्यांच्या पुलावरून घसरून ओढ्यात पडला, तशी त्यांनी मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. पाठोपाठ नाईक हुद्द्याचा एक जवानही उतरला. दोघांनी मिळून पोराला वाचवले. तिवारी साहेब मात्र वाहून गेले. अर्ध्या तासाने ८०० मीटर खाली मृतदेह मिळाला.

परवा एसटी स्टँडवर चहा घेताना ही बातमी निघाली. एकजण सहज म्हणाला, "अहो, हा तर बुडून गेला. लढाईत थोडाच गेला?" मला त्या वेळी बोलता आले नाही, म्हणून लिहितो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षे होतो, त्यातली अडीच उत्तर सिक्कीममध्ये. तिथला ओढा म्हणजे आपल्याकडचा ओढा नव्हे. वरचे बर्फ वितळून आलेले पाणी. हात घातला की बोटे आखडतात. दगडांवरून असे आदळत येते की शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. त्यावर दोन-तीन ओंडके टाकलेले, तेही तुषारांनी कायम ओले. पाय ठेवण्याआधी आम्ही पिठ्ठूचा, म्हणजे पाठीवरच्या सामानाच्या पिशवीचा, कमरेचा पट्टा सोडायचो. पडलाच तर ओझे चटकन खांद्यावरून निघावे आणि माणूस तरी हाती लागावा, एवढ्यासाठी. त्या पाण्यात काय होते हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत असते. तिवारी साहेबांनाही माहीत असणार. नव्या साहेबाला पलटण कित्येक महिने नुसती जोखत असते. या साहेबाने सगळ्यात नव्या पोरासाठी उडी टाकली.

शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी सरकारने १९५२ पासूनच वेगळी पदके ठेवली आहेत. अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र ती हीच. सरकारला कळते, ते आपल्या गावांना का कळू नये?

शेजारच्या गावात वेशीवर जवानांच्या नावांचा फलक आहे. १९६२, १९६५, १९७१ ची नावे आहेत. त्याच गावचा एक जवान माझ्या कंपनीत होता. सोबत्याला नदीतून काढताना गेला. त्याचे नाव फलकावर नाही. विचारले तर म्हणाले, लढाईतलीच नावे घ्यायची ठरले होते. त्याची आई अजून दर वर्षी झेंडावंदनाला येते.

१५ ऑगस्टची ग्रामसभा आहेच. तिथे त्या गावाने अशीही नावे फलकावर घालण्याचा विषय घ्यावा, आणि जिल्ह्यात असे आणखी फलक असतील तर त्या गावांनीही घ्यावा, ही हात जोडून विनंती. आमच्या शेजारच्या फलकाचा रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च मी देतो.

— एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव (जि. सातारा)